वाटून वाढलेली प्रवाळं

पूर्वी कुणाच्या घरी प्रवाळांची टाकी बघायला गेलं की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. तळघराचा जिना उतरतानाच पंपांची घरघर आणि गाळणीत कोसळणाऱ्या पाण्याचा खळखळाट कानावर पडायचा. मग तो खारट, ओलसर वास यायचा. शेवटी मेटल हॅलाइड दिव्यांच्या पांढऱ्या प्रखर उजेडात ती टाकी दिसायची आणि छतावर पाण्याच्या लहरींची जाळी हलत असायची. आता टाकी दिवाणखान्यात असते. पंप वाजत नाहीत, दिवे तापत नाहीत आणि मालक फोनच्या पडद्यावर बोट फिरवून टाकीत पहाट आणतो. दोन्ही काळ मी जवळून पाहिले. शिकागोच्या उपनगरात संसार मांडला तेव्हापासून घरात मऊ प्रवाळांची एक तरी टाकी आहे. त्या काळातलं काय गेलं, काय राहिलं आणि काय जपायला हवं, हे आता लिहून ठेवावंसं वाटतं.

माझ्या पिढीच्या मुंबईकरांना समुद्राच्या आतलं जग पहिल्यांदा दाखवलं ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ मध्ये उघडलेलं ते मत्स्यालय म्हणजे आमच्या सुट्टीतली हक्काची सहल. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा, काचेला नाक लावून उभी असलेली मुलं आणि मागून पुढे ढकलणारी गर्दी. माझ्या आठवणीत तिथले मासे ठळक आहेत. जिवंत प्रवाळ मात्र एकही नाही. प्रवाळ आम्हाला माहीत होतं ते दोनच रूपांत : अंगठीतलं लाल पोवळं आणि कुणाच्या तरी शोकेसमध्ये ठेवलेला पांढरा, खरखरीत सांगाडा. ती एका प्राण्याची हाडं आहेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

जगभरच्या शौकिनांची स्थिती तेव्हा फार वेगळी नव्हती. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे मासे, आणि त्यांच्यामागे शोभेला मांडलेले मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे. त्यांच्यावर शेवाळ आलं की ते काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, धुवून पुन्हा मांडायचे. जिवंत प्रवाळ घरात टिकत नाही, असंच बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. अपवाद मात्र होते. जकार्तातले ली चिन एंग यांनी जवळच्या समुद्रातून जिवंत दगड आणि पाणी आणून, फक्त हवेच्या बुडबुड्यांवर टाक्या चालवल्या, आणि आपली ही नैसर्गिक पद्धत १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहून प्रसिद्ध केली. युरोपात पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात प्रवाळांसारखे बिनकण्याचे प्राणी घरी कसे सांभाळावेत हे ग्रंथरूपाने मांडलं. अमेरिकेत ही हवा पोहोचली ती १९८६ मध्ये, जॉर्ज स्मिट यांच्या ‘मिनी रीफ’वरच्या लेखमालेमुळे. मी इथे आलो तेव्हा त्या लेखांच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरत होत्या. कडा दुमडलेल्या, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेल्या त्या प्रती एकेकाला आठवडाभर घरी मिळत आणि पुढचा माणूस वाट बघत असे.

पाणी हा तेव्हाचा पहिला कष्टाचा भाग. शिकागो समुद्रापासून शेकडो मैल आत. इथलं शेड मत्स्यालय १९३० मध्ये सुरू झालं, तेव्हा खारं पाणी फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्टहून रेल्वेच्या टाक्यांतून आणलं होतं. आमच्या वेळेपर्यंत कृत्रिम समुद्रमीठ बाजारात आलं होतं, त्यामुळे आगगाडीची गरज नव्हती. पण बादल्या आणि पाठ लागत होतीच. एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे साधारण १.०२५ विशिष्ट गुरुत्व. ते मोजायला प्लास्टिकचा हायड्रोमीटर असायचा. त्याच्या काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा खोटा यायचा. आज थेंबभर पाण्यावर रिफ्रॅक्टोमीटर बिनचूक सांगतो, आरओ-डीआयचं शुद्ध पाणी घरोघरी तयार होतं आणि बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी यंत्र आपोआप भरतं. विल्केन्स यांनी रूढ केलेली एक गोष्ट मात्र अजून टिकून आहे : चुन्याची निवळी. बरणीत चुना कालवायचा, तळाशी साका बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंबाथेंबाने टाकीत सोडायचं. प्रवाळांना लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं आणि पाण्याचा अल्कपणाही टिकतो. आज त्याच कामाला मोजून थेंब सोडणारे पंप आहेत, पण बरणीतला चुना बदललेला नाही.

दुसरा भाग दगडांचा. जिवंत दगड म्हणजे जुन्या प्रवाळांच्या सांगाड्यांचा सच्छिद्र खडक. त्यावर आणि त्याच्या आत जीवाणू, स्पंज, किडे आणि शेवाळं राहतात. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारी खरी गाळणी तीच. सुरुवातीला आम्हाला फ्लोरिडाचा दगड मिळे, पुढे फिजी आणि टोंगाचा. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड विमानाने यायचा. पिंपात घालून, आठवडे न् आठवडे पाणी बदलत, त्याचा कुजका वास जाईपर्यंत त्याची निगा राखायची. पण त्यातून काय निघेल याचा नेम नसे. एके सकाळी कपारीतून चिमुकला तारामासा बाहेर पडे, कधी कुठल्याशा भोकातून पंख्यासारखा किडा डोकावे, तर कधी नखाएवढं मऊ प्रवाळ आपसूक उगवे. तो आनंद आजच्या कोरड्या, पांढऱ्या, कारखान्यातल्या दगडात नाही. तरीही समुद्रातला नैसर्गिक जिवंत दगड काढणं बऱ्याच ठिकाणी थांबलं, हे योग्यच झालं. फ्लोरिडालगतच्या संघीय पाण्यातून नैसर्गिक जिवंत दगड काढणं १९९७ पासून बंद आहे. तिथे आता भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर खाणीतला दगड टाकतात आणि तो जिवंत झाला की काढतात. फिजीनेही २०१७ च्या अखेरीस प्रवाळ आणि जिवंत दगडांची निर्यात थांबवली. आमच्या तळघरांतल्या सौंदर्याची किंमत कुठला तरी खडक मोजत होता, आणि ती त्याच्याकडून कायम वसूल करत राहणं न्यायाचं नव्हतं.

पाणी आणि दगड जमले की यायची मऊ प्रवाळं. सार्कोफायटॉन, म्हणजे जाड देठावर छत्री उघडलेलं टोडस्टूल लेदर. बोटांसारख्या फांद्यांचं सिन्युलॅरिया. केनिया ट्री म्हणून ओळखलं जाणारं, झुडपासारखं कॅप्नेला. जांभळ्या सायीवर हिरव्या चांदण्या उमलवणारं ग्रीन स्टार पॉलिप. आणि मुठी उघडमीट करत राहणारं झेनिया. यांना कठीण प्रवाळांसारखा चुनखडीचा सांगाडा नसतो. अंगात सूक्ष्म चुनखडी कण विखुरलेले असतात, त्यांच्यावर आणि पाण्याच्या दाबावर शरीर उभं राहतं. प्रत्येक पॉलिपला पिसासारखे आठ स्पर्शक असतात. आमच्या टाक्यांत यांच्या जोडीला मशरूम आणि झोअँथिडही असत, दुकानात तेही मऊ प्रवाळ म्हणूनच विकले जात. प्राणिशास्त्राच्या हिशेबात मात्र ते आठाच्या घराण्यातले नाहीत, सहाच्या घराण्यातले आहेत. एकाच पाण्यात ठेवताना हा फरक लक्षात असावा लागतो, कारण भांडणाची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आई दादरहून पहिल्यांदा आली तेव्हा टाकीसमोर खुर्ची ओढून बसली होती. “अरे, यांना खायला काय घालतोस?” तिने विचारलं. “उजेड,” मी म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. दिव्याच्या प्रकाशावर ते अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा आणि खत मिळतं. आईला सगळ्यांत आवडलं ते झेनिया. “दिवसभर मुठी का वळत असतं हे?” तिच्या या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुस्तकांतही नुसते तर्क होते. २०१३ मध्ये इस्रायली शास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रातल्या झेनियाच्या भाऊबंदावर प्रयोग करून ते शोधलं. पॉलिपची ही उघडमीट आजूबाजूचं पाणी ढवळते, आतल्या शैवालाने सोडलेला जादा ऑक्सिजन झटकन बाहेर जातो आणि अन्न तयार करण्याचा वेग कितीतरी वाढतो. ही बातमी वाचली तेव्हा आई नव्हती. तिने विचारलेला प्रश्न किती योग्य होता, हे तिला सांगायचं राहून गेलं.

वेगवेगळी मऊ प्रवाळं एका टाकीत ठेवायची, तर खरी विद्या लागते ती त्यांचा शेजार जुळवण्याची. बाहेरून बघणाऱ्याला ती फुलबाग वाटते. आत मात्र जागेसाठी अखंड चढाओढ चाललेली असते. काटे नाहीत, कवच नाही, पळता येत नाही. म्हणून या प्राण्यांनी रसायनांचा आधार घेतला. सार्कोफायटॉन आणि सिन्युलॅरिया टर्पिन वर्गातली संयुगं तयार करतात. ती माशांना बेचव किंवा विषारी लागतात आणि शेजारच्या प्रवाळाची वाढ रोखतात. ऑस्ट्रेलियातल्या जॉन कोल, पॉल समार्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेट बॅरिअर रीफवर हे दाखवून दिलं. मऊ प्रवाळांभोवतीचं समुद्राचं पाणी जागच्या जागी गाळून त्यांनी सार्कोफायटॉक्साइड आणि फ्लेक्सिबिलाइड ही संयुगं वेगळी काढली. म्हणजे मऊ प्रवाळ स्पर्शही न करता, नुसत्या पाण्यातून वार करू शकतं. जवळ आलेल्या कठीण प्रवाळांचे पेशीजाल त्यामुळे मरतात, हेही त्यांनी नोंदवलं.

समुद्रात हे विष लाटेबरोबर विरून जातं. चारशे लिटरच्या टाकीत ते जाणार कुठे? पाणी फिरून फिरून तेच. तेव्हाच्या अनेक टाक्यांत एक ठरावीक गोष्ट घडायची. पहिली दोन वर्षं सगळं बहरायचं. टोडस्टूल जेवणाच्या ताटाएवढं व्हायचं, कॅप्नेलाची पिल्लं दगडोदगडी दिसायची. मग हळूहळू एखादं कठीण प्रवाळ मलूल व्हायचं, मशरूम आक्रसायचे आणि चाचण्यांचे सगळे आकडे मात्र ठीक असायचे. नायट्रेट, अल्कपणा, तापमान, सगळं जागेवर. अशा वेळी जुनेजाणते दोन गोष्टी विचारत : “पाणी पिवळं दिसतंय का?” आणि “कार्बन कधी बदललास?” पाण्यात अर्धी पांढरी, अर्धी फिकट पिवळी प्लास्टिकची पट्टी बुडवायची आणि लांबच्या टोकाकडून बघायचं. दोन्ही भाग सारखेच दिसले तर पाण्यात रंगद्रव्यं साठली आहेत, आणि त्यांच्या संगतीने बाकीचंही साठलेलं असणार. सक्रिय कोळशाची पिशवी बदलली, पाण्याचा मोठा हिस्सा बदलला की पुष्कळदा आठवड्याभरात टाकी पुन्हा उघडायची.

यातूनच शेजाराचे नियम ठरत गेले आणि तेच आजही खरे आहेत. लेदर जातीची प्रवाळं वरच्या बाजूला, उजेडात आणि चांगल्या प्रवाहात, पण प्रवाहाच्या उतारावर. म्हणजे त्यांच्या अंगावरून गेलेलं पाणी थेट दुसऱ्यावर आदळणार नाही. दोघांच्या मध्ये पूर्ण वाढीचा अंदाज घेऊन हातभर जागा, कारण आज बोटभर असलेलं टोडस्टूल उद्या सावली धरणार आहे. ग्रीन स्टार पॉलिपला वेगळा दगड, चहूबाजूंनी वाळू असलेला. मुख्य खडकावर एकदा चढलं की ते उतरत नाही. झेनियाचंही तेच. मशरूम खाली, मंद उजेडात. झोअँथिड मधल्या पायरीवर. आणि सार्कोफायटॉन मिटून, मेणचट होऊन बसलं तर घाबरायचं नाही. ते अंगावरची कात टाकतं, चार-आठ दिवसांत शेवाळासकट ती पातळ साल झटकतं आणि अधिक टवटवीत उघडतं. त्या दिवसांत त्याच्यावर प्रवाह थोडा वाढवायचा आणि कोळसा ताजा ठेवायचा, एवढंच. हे सगळं आज कोणत्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. डेल्बीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’चा मऊ प्रवाळांवरचा दुसरा खंड १९९७ मध्ये आला, तेव्हा आम्हाला आमच्याच अनुभवांवर कुणी शिक्कामोर्तब केल्यासारखं वाटलं. तोपर्यंत ही विद्या होती ती माणसांच्या डोळ्यांत आणि जिभेवर.

आणि माणसांच्या हातात. त्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. मऊ प्रवाळ कापून वाढवता येतं. धारदार पात्याने टोडस्टूलची छत्री देठापासून वेगळी केली, तर देठावर नवी छत्री येते आणि कापलेल्या छत्रीचे तुकडे स्वतंत्र जगतात. अंग बुळबुळीत असल्यामुळे त्याला डिंक धरत नाही. तुकडा दगडाच्या चुऱ्यावर ठेवून वर विरळ जाळीचं कापड रबरबँडने बांधायचं आणि मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत तो स्वतःचं मूळ धरतो. आपल्याकडे जास्वंदाची फांदी जशी मागितली जाते आणि दिली जाते, तसा हा व्यवहार चालायचा. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी तळघरात सगळे जमत. इंजिनिअर, परिचारिका, ट्रकचालक, शाळेतले शिक्षक. देशोदेशींहून आलेली माणसं. प्रत्येकाच्या हातात शीतपेटी आणि तिच्यात पाण्याच्या पिशव्या. पैशांची भाषा नव्हती. कुणी कॅप्नेला दिलं, त्याने मशरूम नेले, इतकंच.

त्यामुळे माझ्या टाकीतल्या प्रत्येक प्रवाळाला एक माणूस जोडलेला होता. मोठं सार्कोफायटॉन एका निवृत्त यंत्रकामगाराकडचं. ते देताना त्याने पात्याचा कोन कसा धरायचा हे माझा हात धरून शिकवलं. हिरवं सिन्युलॅरिया एका कोरियन जोडप्याचं, त्यांच्या मुलाच्या जन्माच्या वर्षी आलेलं. बर्फाच्या वादळात वीज गेली की ज्याच्याकडे जनरेटर असेल त्याच्या तळघरात सगळ्यांची प्रवाळं एकत्र ठेवली जात. टबांवर नावांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक टबात कोळशाची पिशवी, आणि वर चहा-कॉफीचा रतीब. कुणाची टाकी दुर्दैवाने बसलीच, तर पुढच्या महिन्यात त्याच्याच प्रवाळाचे वंशज इतरांच्या घरांतून त्याच्याकडे परत जात. आपण दिलेलंच आपल्याला वाचवतं, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं. गणपतीत घरी येणाऱ्या मराठी मंडळींपैकीही एक-दोघांनी अशीच सुरुवात केली; दर्शनाला येताना मोदक आणायचे आणि जाताना डब्यात मशरूमचा दगड न्यायचे.

आजचं चित्र वेगळं आहे. दुकानात शिरलं की निळ्या एलईडी दिव्यांखाली चकाकणारे छोटे तुकडे, चौकोनी ठोकळ्यांवर चिकटवलेले, प्रत्येकाला भडक नाव आणि नखाएवढ्या तुकड्याला पगारदाराला विचार करायला लावणारी किंमत. शौकाचं लक्ष कठीण प्रवाळांकडे वळलं आहे. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या आणि त्यांचे रंग हे आता टाकीचं वैभव मानलं जातं. मऊ प्रवाळं ‘शिकाऊ लोकांसाठी’ या खात्यात गेली. नवा माणूस टोडस्टूलपासून सुरुवात करतो आणि हात बसला की ते काढून टाकतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण मऊ प्रवाळांची मिश्र टाकी हा पहिलीचा वर्ग नाही. पाच-सहा जाती दहा वर्षं एकाच पाण्यात सुखाने नांदवणं हे धीराचं आणि निरीक्षणाचं काम आहे. शिवाय हालचाल तिच्यातच आहे. प्रवाहाबरोबर डोलणारं सिन्युलॅरिया आणि मुठी वळणारं झेनिया बघत तास कसा जातो कळत नाही; ते सुख कठीण प्रवाळाच्या रंगात नाही.

पण आजच्या काळाला मी नावं ठेवणार नाही. कितीतरी गोष्टी निश्चितच सुधारल्या. तेव्हा आम्ही उघड्या हातांनी झोअँथिडचे दगड खरवडत असू. त्यांच्यापैकी पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, हे विष हवाईतल्या मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच वेगळं काढलं होतं. पण तळघरांपर्यंत ती माहिती झिरपायला फार वेळ लागला. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानांत आणि घरांत अशा दगडांच्या हाताळणीतून माणसं आजारी पडल्याची नोंद झाली, आणि आता हातमोजे, चष्मा आणि ‘दगड कधीही उकळू नका’ ही शिकवण पहिल्या दिवशीच मिळते. दिव्यांचं वीजबिल घटलं. उन्हाळ्यात पाणी तापून प्रवाळं गळून पडण्याची भीती कमी झाली. प्रयोगशाळेत नमुना पाठवला की पाण्यातल्या डझनावारी मूलद्रव्यांचा हिशेब येतो. पूर्वी आम्ही आयोडीनचे थेंब अंदाजाने टाकत असू. आणि सर्वांत मोठी गोष्ट : बाजारातली बरीचशी मऊ प्रवाळं आता टाक्यांत किंवा समुद्रातल्या शेतांत वाढवलेली असतात. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराची नजर आहे. बहुतेक मऊ प्रवाळं त्या यादीत नाहीत. म्हणून त्यांच्या बाबतीत विकत घेणाऱ्याचा विवेक हाच मुख्य कायदा आहे.

हे सगळं बोलताना खऱ्या समुद्राकडे पाठ फिरवता येत नाही. आम्ही सुरुवात केली तेव्हा समुद्र अक्षय वाटायचा. टाकी नाजूक आणि रीफ भक्कम. आता ते उलटं झालं आहे. १९९८ च्या उष्णतेच्या लाटेने जगभरची प्रवाळं पांढरी पडली, लक्षद्वीपचीही. त्यानंतर तसंच पुन्हा पुन्हा घडलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅनाटी बेमधल्या एका मोजणीयंत्राने पाण्याचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर नोंदवलं. माझ्या टाकीत पाणी २९ अंशांवर गेलं तरी मी पंखे लावतो. त्या उन्हाळ्यात तिथल्या रोपवाटिकांतली प्रवाळं समुद्रातून काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली. कधीकाळी आम्ही समुद्रातलं प्रवाळ टाकीत आणायचो ते हौसेपोटी; आता शास्त्रज्ञांना ते जीव वाचवण्यासाठी आणावं लागतं. दिवे, प्रवाह, पाण्याची रसायनं, तुकडे करून वाढवण्याची पद्धत, यांतलं कितीतरी ज्ञान शौकिनांच्या तळघरांतून आणि मत्स्यालयांच्या मागच्या खोल्यांतून घडत आलेलं आहे. आमच्या त्या बादल्या वाहण्याचा काही उपयोग झाला, एवढं समाधान आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळं आहेत. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक आहे, तिथे पाण्याखाली विस्तीर्ण प्रवाळपठार पसरलं आहे. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळं होती. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये ती उचलून दुसरीकडे लावावी लागली. ज्या तारापोरवालात लहानपणी मला जिवंत प्रवाळ दिसलं नाही, त्याच्यापासून काही मैलांवर ती भरती-ओहोटीत जगत होती. भारतात सर्व कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाच्या बरोबरीचं संरक्षण त्यांना मिळालं. म्हणून अंदमान, लक्षद्वीप किंवा मालवणहून परतताना सांगाड्याचा तुकडासुद्धा पिशवीत घालू नका. शोकेसमधल्या त्या पांढऱ्या दगडांचे दिवस संपले, ते संपलेलेच राहू देत.

आणि ज्यांच्या घरी टाकी आहे, किंवा उद्या येणार आहे, त्यांना एक विनंती. यंत्रं चांगली घ्या. आजची यंत्रं उत्तम आहेत. पण मऊ प्रवाळांना कमी लेखू नका. पाच जाती निवडा, त्यांना हातभर अंतर द्या, कोळसा वेळेवर बदला आणि वर्षभर नवं काही न आणता नुसतं बघा. दुकानातून घ्याल ते वाढवलेलं घ्या, समुद्रातून उपटलेलं नको. टोडस्टूल मोठं झालं की कापा, आणि तो तुकडा विकायच्या आधी कुणाला तरी द्या. पात्याचा कोन कसा धरायचा हेही त्याला शेजारी उभं राहून दाखवा. तुमच्या घरून गेलेला प्रत्येक तुकडा म्हणजे समुद्रातून न काढावं लागलेलं एक प्रवाळ.